मारणारा हात भाड्याचा, हिशोब आपलाच



आजचा लेख पाककृतीचा नाही, आणि थोडा कडूही लागेल. पण चातुर्मास बसला आहे, पर्युषण तोंडावर आलं आहे, आणि ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे ती नेमकी याच दिवसांत घडते. म्हणून आत्ताच लिहिते.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या आपल्या भागातल्या सोसायट्यांमध्ये पावसाळ्यात एक नवा रिवाज पडला आहे. कुंडीत, जिन्यात, गच्चीच्या भिंतीवर कधी न पाहिलेला किडा दिसला की आधी त्याचा फोटो काढायचा. तो ग्रुपवर टाकून विचारायचं, "विषारी आहे का?" कुणीतरी लिहितं, "हो, आमच्या ओळखीत एकाला चावला होता." आणि पाच मिनिटांत सेक्रेटरी लिहितात, "पेस्ट कंट्रोलवाल्याला सांगितलं आहे." त्या किड्याचं नाव काय, तो खातो काय, आपल्याला काही करतो का, हे कुणी विचारत नाही. फाशी आधी, चौकशी नाहीच.

माझं म्हणणं सरळ आहे. अनोळखी जीव दिसला म्हणून पैसे देऊन त्याला मारवणं ही हिंसा आहे. ती फवारणीवाल्या मुलाची नाही, आपली आहे. आणि जैन घरातल्या बायकांनी मनावर घेतलं तर ती उद्यापासून थांबू शकते.

आमच्या लालबागच्या इमारतीत यंदा काय झालं ते सांगते. जिथे पूर्वी चाळ होती तिथे आता उंच इमारत आहे, आणि खाली मुलांच्या खेळायच्या जागेला लागून तगर आणि कण्हेरीची रांग आहे. जुलैत एका सकाळी त्या तगरीवर एक अळी दिसली. बोटाएवढी जाड, पोपटी, गुळगुळीत. मागच्या टोकाला छोटंसं पिवळट शिंग. आणि पुढच्या बाजूला दोन मोठे निळे डोळे, पांढऱ्या ठिपक्यांसकट, टक लावून बघणारे. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येईल अशीच दिसते ती, हे मला मान्य आहे. ग्रुपवर फोटो आला. कुणीतरी लिहिलं, "हीच ती घोणस अळी!" मी लिहिलं, "थांबा, ही घोणस अळी नाही, ही कुणाला काही करत नाही. मी पानासकट उचलून मागच्या झाडावर ठेवते." उत्तर आलं, "काकू, रिस्क कशाला?" दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणी झाली. एका अळीसाठी सबंध रांग. त्या दिवशी झाडूवाल्या बाईंनी सुपडीत काय काय भरलं ते मी पाहिलं: चार-पाच त्याच अळ्या, दोन पिवळी फुलपाखरं, मधमाश्या, एक चतुर, मुंग्यांचा तर हिशोबच नाही.

आता ती अळी कोण होती ते ऐका. तिला इंग्रजीत ओलिअँडर हॉक मॉथ म्हणतात. ओलिअँडर म्हणजे आपली कण्हेर. कण्हेर आणि तगर ही तिची खाणावळ. मुंबईत जिथे ही झाडं आहेत तिथे पावसाळ्यात ती असणारच, ती कुठून तरी चाल करून आलेली नाही. तिचे ते निळे डोळे खरे डोळेच नाहीत, कातडीवरचे ठिपके आहेत. खरं डोकं त्याच्या पुढे, लहानसं असतं. कुणी जवळ आलं की ती डोकं आत ओढून घेते आणि ते ठिपके फुगवून दाखवते, म्हणजे पक्ष्याला वाटावं साप आहे. तिच्याजवळ नांगी नाही, विषारी केस नाहीत, डसायचं काही साधन नाही. भिववणं एवढंच तिचं शस्त्र, आणि ते पक्ष्यांपेक्षा आपल्यावरच जास्त चाललं. दोन-तीन आठवडे ती पानं खाते, मग खाली उतरून पालापाचोळ्यात कोश करते, आणि त्यातून जो पतंग निघतो तो हिरव्या-गुलाबी संगमरवरासारखा नक्षीदार असतो. संध्याकाळी फुलासमोर हवेत एका जागी थांबून मध पितो. खाल्लेल्या पानांच्या जागी तगरीला पुन्हा पानं फुटतात. झाडाचं काही बिघडत नाही.

आणि ज्या घोणस अळीच्या नावानं हे सगळं झालं, तिची गोष्ट तरी आपल्याला नीट माहीत आहे का? २०२२ च्या सप्टेंबरात महाराष्ट्रभर तिचे मेसेज फिरत होते. "कपाशीवर नवीन अळी, चावली की पाच मिनिटांत मृत्यू." सोबत शेतात पडलेल्या माणसांचे फोटो. ती माणसं अळीमुळे गेलेली नव्हती, वीज पडून गेलेली होती. माझं माहेर सांगलीकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. भाच्याचा फोन आला होता, "आत्या, मजूर बायका उसात शिरायला तयार नाहीत." कृषी शास्त्रज्ञांनी तेव्हाच सांगितलं की ही अळी जीवघेणी नाही. ती एका पतंगाचीच अळी. हिरवी, बुटकी, चपटी, आणि अंगावर काटेरी केसांचे झुपके. ती चावत नाही. ते काटे टोचले की आग होते, सूज येते, वेदना जबर असतात. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला त्रास जास्त होतो, त्यानं डॉक्टरकडे जावं. बाकीच्यांनी चिकटपट्टीनं काटे काढून बर्फ लावावा. एवढंच. नाव घोणस सापाचं मिळालं म्हणून काही सापाचं विष मिळत नाही. पण घाबरवणारा मेसेज प्रत्येकीकडे दहा वेळा आला, आणि खुलासा किती जणींकडे एकदा तरी आला? आता तीन-चार वर्षांनी आमच्या लालबागमध्ये, जिच्या अंगावर एकही काटा नाही अशा अळीचा त्याच नावावर बळी गेला.

काही जणी म्हणतील, किड्यांपासून रोग होतात हे काय खोटं आहे? मुळीच नाही. मुंबईला ते वेगळं सांगायला नको. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला आणि माणसं गाठोडी बांधून शहर सोडून पळाली. तेव्हा लस तयार करणारे हाफकिन १८९९ मध्ये आपल्या परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात प्रयोगशाळा घेऊन आले. आज ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून आपल्या शेजारीच उभी आहे. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून माणसात येतो हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये दाखवलं, पण ते सगळ्यांना पटायला आणखी काही वर्षांचं काम लागलं. यातून मी काय घेते? किडा धोक्याचा असू शकतो. पण तो कोणता, हे शोधायला शहाण्या माणसांनी वर्षं घालवली. दिसेल त्या सहापायी जीवाला त्यांनी दोषी ठरवलं नाही. आपल्याला तर पाच मिनिटंही थांबवत नाही.

डासांचंही तेच. डेंग्यू-मलेरियाचं संकट खरं आहे, आणि घरात तान्हं बाळ असेल तर कुणीही आई डासाला पाहून गप्प बसणार नाही. मी कुणाला तसं सांगतही नाही. पण डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे आठवड्यातून एकदा कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे जुने डबे कोरडे केले तर तो जन्मालाच येत नाही. जन्मलाच नाही तर मारायचा कुणाला? आपल्याकडे ज्याला अप्रमाद म्हणतात, जागं राहणं म्हणतात, ते हेच. आणि तगरीवरची फवारणी डासांसाठी नसते, हे फवारणीवाल्यालाही माहीत असतं.

आपल्या शास्त्रांनी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. चूल पेटवताना, पाणी भरताना होते ती आरंभी. धंद्यात होते ती उद्योगी. अंगावर आलेल्याला अडवताना होते ती विरोधी. गृहस्थाला या तीन पूर्ण सुटत नाहीत, म्हणून त्या कमीत कमी कराव्यात एवढीच अपेक्षा. चौथी संकल्पी, म्हणजे ठरवून, मारायच्याच इराद्यानं केलेली. ती मात्र गृहस्थानंही सोडायचीच. आता मला सांगा, जी अळी आपल्या अंगावर येत नाही, आपलं अन्न खात नाही, मुलांना इजा करत नाही, तिच्यासाठी ग्रुपवर ठराव करून माणूस बोलावणं कोणत्या प्रकारात बसतं? विरोधी म्हणायला आधी विरोध तरी हवा ना.

"पण आम्ही कुठे मारलं? ते काम तर पेस्ट कंट्रोलवाल्याचं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्यावर बोलायलाच हवं. मी बी.कॉम. झालेली बाई. चाळीस वर्षं घरचा जमाखर्च मीच लिहिते. मला एक सांगा, काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं म्हणून खर्च आपल्या वहीतून जातो का? उलट, बिल फाडून घेतलं की तो पक्का आपल्या नावावर पडतो.

जपमाळेत १०८ मणी का, याचं एक उत्तर आपल्याकडे असं देतात. पाप करण्याच्या तीन पायऱ्या: संरंभ, समारंभ, आरंभ. करायची साधनं तीन: मन, वचन, काया. करण्याच्या रीती तीन: कृत, कारित, अनुमोदना, म्हणजे स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं, आणि केलेल्याला मान डोलावणं. आणि मागचे कषाय चार: क्रोध, मान, माया, लोभ. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार. करा गुणाकार, १०८ च येतात. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात हा सगळा हिशोब आहे. आता आमच्या सोसायटीची फवारणी या वहीत मांडून बघा. ग्रुपवर "काहीतरी करायला हवं" असं ठरलं, तो संरंभ. कंत्राटदाराकडून दर मागवले, औषध आलं, तो समारंभ. (आपण लग्नमुंजीला समारंभ म्हणतो, शास्त्रात त्याचा अर्थ साधनं जमवणं.) सकाळी पंप सुरू झाला, तो आरंभ. ज्यांनी सांगितलं त्यांचं कारित. आणि ज्या चाळीस जणींनी खाली अंगठे दाखवले, हात जोडले, "थँक्यू सेक्रेटरी" लिहिलं, त्यांची अनुमोदना. नुसता अंगठा दाखवण्याचीही नोंद होते, मैत्रिणींनो. आपल्या आचार्यांनी ती फोन निघायच्या कितीतरी शतकं आधी करून ठेवली आहे.

आणि ज्या मुलानं फवारलं त्याच्याकडे कुणी पाहिलं? विशी-बाविशीचा पोरगा, तोंडाला रुमाल, हातात मोजे नाहीत, पायात स्लिपर. आम्ही सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, मुलांना दोन तास खाली सोडलं नाही. त्याला मात्र त्याच धुरात उभं केलं. अळीला वाचवा म्हटलं की लोक म्हणतात, आधी माणसाचं बघा. बरं, माणसाचंच बघू. तो पंचेंद्रिय जीव आपल्या दारात रोज विष हुंगतो, ते कुणाच्या भीतीपायी?

खरं तर आपल्याला धोका कमी असतो आणि किळसच जास्त असते. आपल्या कर्मग्रंथांत नोकषाय म्हणून नऊ विकार मोजले आहेत, त्यांत भय आहे आणि जुगुप्साही आहे. किडा दिसल्यावर मनात येतात त्या नेमक्या याच दोन गोष्टी! त्या येतात यात आपला दोष नाही, मलाही पाल बघून अंगावर काटा येतो. पण विकार उठला की त्याच्या हातात पंप द्यायचा, हे कुठल्या प्रवचनात सांगितलं आहे?

आपल्या आज्या-पणज्यांचं वागणं आठवा. पाणी दुहेरी फडक्यानं गाळायच्या, आणि फडक्यात राहिलेली जिवाणी पुन्हा हळूच त्याच विहिरीत सोडायच्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाचं घर कोणतं, त्याला परत कुठे सोडायचं, याची त्यांना काळजी. गुजरातेतल्या जुन्या पांजरपोळांमध्ये गाई-बैलांबरोबर जीवातखानाही असायचा. धान्य निवडताना निघालेले किडे घरोघरचे लोक तिथे नेऊन सोडत. आपल्या भुलेश्वरचा पांजरपोळ १८३४ चा, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांनी स्थापलेला. त्याआधी दोनच वर्षं या शहरात भटकी कुत्री मारण्यावरून दंगा झाला होता. म्हणजे जीवदयेसाठी पैसा आणि जागा देण्याची मुंबईची परंपरा पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. आणि आपण? मुनिमहाराज मोरपिसांच्या पिंछीनं जागा झाडून मगच बसतात, साध्वीजी ओघ्यानं पुंजून पाऊल टाकतात. पावसाळ्यात जीवोत्पत्ती फार होते म्हणून तर ते चार महिने विहार थांबवतात. चातुर्मासाचं मूळ कारणच हे किडे आहेत! ज्यांच्यासाठी महाराज पाऊल आवरतात, त्यांच्यासाठी आपण त्याच चार महिन्यांत फवारणीचं कंत्राट करतो. आणि मग संवत्सरीला मिच्छामि दुक्कडम् म्हणतो, क्षमावाणीला उत्तम क्षमा म्हणतो. चौऱ्याऐंशी लाख योनींची क्षमा मागायची, आणि पावती खिशात ठेवायची.

याहून कडू एक सांगते, रागावू नका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली गेली तेव्हा आपल्यातली कितीतरी माणसं रस्त्यावर उतरली. कोर्टाचं बरोबर की आंदोलकांचं, हा वाद आज मला घालायचा नाही. पण कबुतर डोळ्यांना गोड दिसतं, त्याला दाणे घातल्याचं पुण्य दिसतं, चार लोकांत सांगताही येतं. अळीला वाचवलेलं कुणाला दिसत नाही. म्हणूनच खरी परीक्षा तिथे आहे. दया सुंदर जीवापुरतीच असेल, तर ती दया नसून आवड झाली.

रेशमाचंही असंच. तगरीवरची अळी बघून जिला शिसारी येते, तीच पूजेला रेशमी साडी नेसून जाते. ते रेशीम अळीच्याच कोशाचं. धागा अखंड निघावा म्हणून कोश आतल्या जीवासकट वाफेत किंवा उकळत्या पाण्यात घालतात, आणि एका साडीला असे हजारो कोश लागतात. आपल्यातल्या पुष्कळ जणींनी पूजेसाठी सुती वस्त्र धरलं आहे, त्यांना माझा नमस्कार. ज्यांनी धरलं नाही त्यांनी निदान "आम्ही कुठे मारलं" हे वाक्य तरी सोडावं. कारितची तीच गोष्ट, फक्त किंमत जास्त.

आता नुसतं बोलून उपयोग नाही, म्हणून घरच्या कामाच्या चार गोष्टी.

अनोळखी अळी दिसली की एवढं बघा: अंगावर केस किंवा काटे आहेत का? असतील तर हात लावू नका, मुलांना लांब ठेवा, आणि पानासकट कात्रीनं कापून कागदावर घेऊन हलवा. शेवग्यावरचे केसाळ सुरवंट यातलेच, त्यांनी खाज सुटते. अंग गुळगुळीत असेल तर बहुधा काही भीती नाही, तरीही हातानं चिमटू नका. आपल्याला नाही, पण तिला लागेल. आणि ती ज्या झाडावर होती त्याच जातीच्या झाडावर सोडा. तगरीवरची अळी गुलाबावर सोडली तर ती उपाशी मरेल.

कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कुंडीत कधीकधी पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसतं आणि दोन दिवसांनी ते सरकलेलं असतं. ती फुलपाखराची बाळअळी. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचलं तर मानेतून लालसर दुहेरी जिभेसारखं काही बाहेर काढते, उग्र वास येतो. घाबरायचं काही नाही. त्या वासाखेरीज तिच्याकडे काहीच नसतं. आमटीला चार पानं कमी पडतील, तेवढं सोसावं. आपल्या राज्याचं फुलपाखरू, २०१५ मध्ये महाराष्ट्रानं जाहीर केलेलं नीलवंत, त्याचीही अळी लिंबू-बेलाच्या कुळातल्याच झाडांवर वाढते. फुलपाखरू स्टेटसला हवं आणि अळी डोळ्यांसमोर नको, असं कसं चालेल?

पावसाळ्यात दिव्याजवळ एक काळा-नारिंगी, मुंगीसारखा लांबट किडा येतो. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्या अंगातल्या रसानं भाजल्यासारखे फोड उठतात. म्हणजे न मारता फुंकर घालून किंवा कागदानं काढला तर काहीच होत नाही, मारला तरच त्रास! अहिंसेचं यापेक्षा सोपं प्रवचन मी तरी ऐकलं नाही.

भिंतीवर वीतभर पंखांचा तपकिरी पतंग बसलेला दिसला, पंखांच्या टोकांना सापाच्या तोंडाचा आकार, तर तो अ‍ॅटलस पतंग. सह्याद्री-कोकणातला रहिवासी. त्याला खायला तोंडच नसतं. कोशातून बाहेर आल्यापासून मरेपर्यंत, जेमतेम आठवडा-दोन आठवडे, तो अन्नाचा कण घेत नाही. आठ दिवसांच्या उपवासाला आपण वाजतगाजत पारणं करतो. या तपस्व्याला निदान झाडूनं मारू नये. व्हरांड्याचा दिवा मालवा, रात्रीत आपोआप निघून जाईल.

आणि घरात आलेल्या कुठल्याही किड्यासाठी एक काचेचा पेला आणि एक जुनी लग्नपत्रिका दाराजवळ ठेवा. पेला वरून पालथा घाला, पत्रिका खालून सरकवा, खिडकीबाहेर सोडा. माझी सात वर्षांची नात हे करते, तेव्हा आपल्याला जमणार नाही असं नाही. नाव कळत नसेल तर फोटो जाणकाराला पाठवा. आपली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून या शहरात आहे. सुरुवातीला तिच्या सभा भायखळ्याच्या म्युझियममध्ये, म्हणजे आताच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आपल्या राणीच्या बागेशेजारीच भरत. किडे ओळखणारी माणसं या गावाला परकी नाहीत, आपणच त्यांना विचारत नाही.

पण खरं काम सोसायटीच्या मीटिंगमध्ये आहे. तिथे आपण चहाचे कप मोजत बसतो आणि ठराव पुरुष करतात. या वेळी हात वर करा आणि तीन गोष्टी मांडा. एक, झाडांवर किडा दिसला तर ओळख पटेपर्यंत फवारणी नाही, निदान एक दिवस थांबायचं. दोन, चातुर्मासात बागेवर फवारणी अजिबात नाही. डासांसाठी पाणी साचू न देण्याची पाळी मजल्यामजल्यावर लावायची. तीन, अगदी अटळ असेल तेव्हा फवारणाऱ्या माणसाला मोजे, मास्क, बूट दिल्याशिवाय पंपाला हात लावू द्यायचा नाही. यात धर्म न मानणाऱ्यालाही नाकारण्यासारखं काही नाही. फवारणीचा खर्चही वाचतो, हे मी बी.कॉम.वाली म्हणून सांगते.

"रिस्क कशाला" असं कुणी म्हणालं, तर विचारा, कसली रिस्क, कुणाला, कुणी तपासली? उत्तर नसेल तर ती रिस्क नाही, नुसती भीती आहे. आणि भीतीपायी मारायला आपण जन्मानं जैन झालो नाही.

पर्युषण सुरू व्हायच्या आत आपापल्या सोसायटीत हे बोला. काय झालं ते मला कळवा, भांडण झालं तरी कळवा.

जय जिनेंद्र.